काळ्या ग्रॅनाइटची कड पांढुरकी का पडली? सोलापुरातल्या एका ओटा-कारखान्याचं प्रकरण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एकाच कारखान्यातून गेलेल्या तीन ओट्यांची तक्रार आली. एक ओटा जुळे सोलापुरातला, दुसरा विजापूर रोडचा, तिसरा होटगी रोडचा. तिन्ही काळ्या ग्रॅनाइटचे, १८ मिमी जाडीचे, पुढच्या कडेला डबल पट्टी लावून (म्हणजे खालून तशीच दुसरी पट्टी चिकटवून) हाफ राऊंड, अर्धगोल केलेले. तिन्ही घरांचं म्हणणं एकच: "शेठ, वरून आरसा आहे, पण कड राख फासल्यासारखी दिसते." कारखान्यातून उत्तरही एकच गेलं: "काका, पुसून बघा, फिटिंगची धूळ असेल." पुसल्यावर कड काळी दिसली आणि दहा मिनिटांनी वाळून पुन्हा राखाडी झाली.

या दहा मिनिटांकडे आधीच नीट बघितलं असतं तर पुढचे पंधरा दिवस वाचले असते. ओली कड काळी आणि वाळली की राखाडी, म्हणजे पृष्ठभागावर बारीक ओरखडे आहेत आणि पाणी ते तात्पुरते बुजवतंय. मोबाइलचा टॉर्च कडेला जवळजवळ टेकवून तिरका धरला की ते दिसतातही: एकात एक अडकलेली, केसाहून बारीक वर्तुळं. वरच्या पृष्ठभागावर तसं काही नव्हतं. साहजिकच आहे, वरचं पॉलिश स्लॅबच्या कारखान्यातल्या लाइनवर होतं, कडेचं पॉलिश आपल्याकडे हाताने होतं. म्हणजे दोष दगडात कमी आणि शेडमध्ये जास्त शोधायचा होता. (तिसऱ्या ओट्यात दगडही दोषी निघाला, ते पुढे येईल.)

कारखाना कसा चालतो

अक्कलकोट रोडच्या बाजूचं भाड्याचं शेड, सहा माणसं. ३५० मिमी ब्लेडचा एक ब्रिज कटर (स्लॅब कापायचं मोठं मशीन, पुढे नुसतं 'ब्रिज'), दोन पाण्याचे हातपॉलिशर, सिंक आणि शेगडीच्या कटिंगसाठी हातकटर. माल इलकल, करीमनगर आणि ओंगोल भागातून येतो. ओट्याखालच्या उभ्या-आडव्या फळ्यांसाठी अजून कडप्पा चालतो, तोही याच ब्रिजवर कापला जातो. दिवसाला साधारण ६० मीटर, म्हणजे २०० रनिंग फूट कापणी.

पाणी बोअरचं. सोलापूरच्या काळ्या पाषाणातल्या बोअरची एप्रिल-मेमधली गत सगळ्यांना माहीत आहे: सकाळी तासभर चालते, मग हवा ओढते. शहराला उजनीचं पाणी येतं, पण नळाला ते काही दिवसांच्या अंतराने सुटतं, आणि शहराच्या कडेच्या शेडला उन्हाळ्यात शेवटी टँकरच मागवावा लागतो. त्यामुळे ब्रिज कटरचं पाणी पहिल्यापासून फिरतं होतं. ब्लेडवरून खाली, नालीतून हौदात, हौदातून मोटरने पुन्हा ब्लेडवर. हातपॉलिशरचं पाणी मात्र वरच्या प्लास्टिकच्या टाकीतून यायचं आणि वापरून झालं की गटारात जायचं.

एप्रिलच्या मध्यात बोअर बसली. टँकरचं बिल बघून कोणीतरी हातपॉलिशरची नळीही टी-जोड लावून ब्रिजच्या मोटरवर घेतली. ब्रिजचं पाणी फिरतंच आहे, त्यातलं थोडं पॉलिशला गेलं तर काय बिघडतं, असा विचार. ही जोडणी कुठल्याही वहीत नोंदली गेली नाही. म्हणूनच मे महिन्यात कारण शोधताना ती कोणाच्या डोक्यात आली नाही.

संशय कोणाकोणावर गेला

पहिला पॅडवर. ४ इंची रेझिन पॅडचा संच ५० नंबरपासून सुरू होतो: ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० आणि शेवटी चमक आणणारा बफ. नंबर जितका मोठा तितका पॅडमधला हिऱ्याचा कण बारीक. मार्चमध्ये पॅडचा पुरवठादार बदलला होता, म्हणून आरोपी तयारच होता. नवा संच आणला, मग दुसरा आणला. फरक पडला नाही, उलट पॅड नेहमीच्या निम्म्या दिवसांत झिजायला लागले. पॅड लवकर झिजणं हाच खरं तर मोठा पुरावा होता, पण त्याचा अर्थ "पॅड हलके आहेत" असा लावला गेला.

दुसरा कारागिरावर, म्हणजे मधला नंबर गाळला असेल यावर. हा संशय रास्त असतो. ४०० वरून थेट १५०० ला उडी मारली की ४०० च्या रेघा खाली तशाच राहतात आणि वरून चमक चढते. पण त्या रेघा एका दिशेच्या आणि ठळक असतात. इथली वर्तुळं बारीक होती आणि सगळीकडे सारखी होती.

तिसरा मशीनच्या वेगावर. साध्या ग्राइंडरचा वेग मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास असतो. त्यावर रेझिन पॅड लावलं तर ते जळून दगडावर चिकट डाग पडतो. पाण्याच्या पॉलिशरवर ४०० पर्यंत ३,००० च्या आसपास आणि ८०० च्या पुढे २,००० ते २,५०० ठेवतात. दोन्ही मशीन ठीक होती.

चौथा क्षारांवर. बोअरचं पाणी जड, वाळलं की काळ्या दगडावर पांढरा पापुद्रा धरतं आणि तोही राखाडी दिसतो. हा फरक ओळखायला सोपा आहे: लिंबूसत्त्वाचं पातळ पाणी कापसाने मिनिटभर लावून लगेच धुवायचं. क्षार असतील तर पापुद्रा निघून जातो, ओरखडे असतील तर वाळल्यावर कड पुन्हा तशीच. हा प्रयोग फक्त ग्रॅनाइटवर आणि तोही कोपऱ्यात करावा. मार्बल किंवा कडप्प्यावर केला तर आम्ल दगडच खाईल.

चाचणी

पंधरा दिवसांच्या अंदाजानंतर जी चाचणी केली तिला दुपारही लागली नाही. काळ्या ग्रॅनाइटची ४ फुटांची उरलेली पट्टी घेऊन तिचे खडूने चार भाग केले. दोन गोष्टी बदलायच्या होत्या, पॅड आणि पाणी, म्हणून चार जोड्या: जुने पॅड-स्वच्छ पाणी, नवे पॅड-स्वच्छ पाणी, जुने पॅड-हौदाचं पाणी, नवे पॅड-हौदाचं पाणी. कारागीर एकच, मशीन एकच, प्रत्येक नंबरला वेळ सारखा. स्वच्छ पाण्याचे दोन भाग आधी केले, कारण हौदाचं पाणी एकदा पॅडच्या खाचांत शिरलं की पुढचा निकाल खोटा येतो. भागांमध्ये चिकटपट्टी लावली, शिंतोडे पलीकडे जाऊ नयेत म्हणून.

निकाल: स्वच्छ पाण्याचे दोन्ही भाग काळे आणि चकचकीत. जुन्या पॅडचा भाग किंचित कमी, पण ग्राहकाला दिसणार नाही इतकाच. हौदाच्या पाण्याचे दोन्ही भाग राखाडी, नव्या पॅडचा भागसुद्धा. म्हणजे पॅडवर घातलेले पैसे वाया गेले होते.

सोबत बाटलीची चाचणी केली. ब्रिजच्या नोझलमधून येणारं पाणी एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत भरून ठेवलं. दहा मिनिटांत तळाला जाड थर बसला. तासाभराने वरचं पाणी चहाइतकं गढूळ, मागे धरलेल्या वर्तमानपत्राचा मथळा वाचता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नितळ झालं होतं आणि तळाच्या थरावर साईसारखा बारीक राखाडी थर आला होता. ही साय पॉलिशची शत्रू.

हौद का हरला

हौद ४ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट खोल. पाणी सुमारे १,००० लिटर. ब्रिजला मिनिटाला ३५ लिटर पाणी लागतं, म्हणजे तासाला २,१०० लिटर. हौदाचं क्षेत्रफळ १.१ चौरस मीटर. पाण्याचा हा प्रवाह क्षेत्रफळाने भागला तर तासाला १.९ मीटर येतात. याचा अर्थ असा की जो कण तासाला १.९ मीटरपेक्षा हळू खाली जातो, तो बसायच्या आधीच मोटरने उचलला जातो.

ग्रॅनाइटचा १० मायक्रॉनचा कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) स्थिर पाण्यात तासाला साधारण ३३ सेंमी खाली जातो. कणाचा आकार दुप्पट झाला तर वेग चौपट होतो, या हिशेबाने १.९ मीटरचा वेग सुमारे २४ मायक्रॉनच्या कणाचा. त्याहून बारीक सगळं पाण्यासोबत फिरत राहतं.

आता पॅड बघा. ४०० नंबरमधला हिऱ्याचा कण साधारण ३५ ते ४० मायक्रॉन, ८०० मधला २० च्या आसपास, १५०० मधला ८ ते १०, ३००० मधला ४ ते ५. म्हणजे ८०० च्या पुढे पॅडपेक्षा पाणीच खरबरीत होतं. ३००० चं पॅड ५ मायक्रॉनच्या रेघा ओढतंय आणि त्याच्या खालून २० मायक्रॉनची पूड घरंगळतेय. पॅड बदलून काय होणार?

पूड दगडाचीच असते, ती दगडाला कशी कापेल, असा प्रश्न शेडमध्ये निघाला. प्रश्न बरोबर आहे. बाजारात काळं ग्रॅनाइट म्हणून विकला जाणारा बहुतेक दगड भूशास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट नसून डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजं कठिणतेच्या १ ते १० या मोस मापावर ५ ते साडेसहाच्या घरात. पण हौदात लाल आणि तपकिरी ग्रॅनाइटचीही पूड होती, आणि त्यातलं क्वार्ट्झ ७ कठिणतेचं. काळ्या दगडाला ते सहज ओरखडतं. लाल-तपकिरी ओट्यांच्या कडाही याच पाण्यात झाल्या होत्या. ठिपकेदार दगडात ओरखडा डोळ्याला सापडत नाही, म्हणून तक्रार फक्त काळ्याची आली.

यात भर गाळाची. ३.५ मिमी जाडीची खाच, १८ मिमीचा दगड: प्रत्येक मीटरला सुमारे १७० ग्रॅम पूड. ६० मीटरला १० किलो. पाणी धरून बसलेला गाळ दिवसाला १३ लिटरच्या आसपास. या हौदात तो रोज १२ मिमीने वर येतो. हौद बरेच दिवस उपसला नव्हता. मे महिन्यात काठी घातली तेव्हा २ फूट गाळ लागला. वर उरलेल्या फूटभर पाण्यातून मिनिटाला ३५ लिटर जाताना बसलेला गाळसुद्धा उठत होता. वरचा २४ मायक्रॉनचा हिशेब स्वच्छ हौदाचा आहे. प्रत्यक्षात त्याहून जाड कण फिरत असणार.

कडप्प्याची गोष्ट वेगळी. तो चुनखडीचा, मऊ. त्याच्या पुडीने ग्रॅनाइटवर ओरखडे पडत नाहीत, पण तिचा गाळ पिठासारखा असतो आणि फार उशिरा बसतो. त्यामुळे पाणी दिवसभर दुधाळ राहतं आणि त्यात बाकी काय फिरतंय ते कळत नाही. कडप्पा शक्यतो संध्याकाळच्या शेवटच्या तासात कापावा, रात्रभरात पाणी निवळतं.

वाचलं किती?

टँकरचा भाव उन्हाळ्यात रोज बदलतो, म्हणून हिशेब लिटरमध्ये.

ब्रिजचं ब्लेड प्रत्यक्ष दगडात दिवसाला १०० मिनिटं असतं, म्हणजे ३,५०० लिटर पाणी त्यावरून जातं. दोन हातपॉलिशर मिळून ३०० मिनिटं, मिनिटाला दीड लिटरने ४५० लिटर. टी-जोड लावून जे वाचवलं ते हे ४५० लिटर. ५,००० लिटरचा एक टँकर अकरा दिवसांनी. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत चार टँकरही नाहीत. त्यासाठी पॅडचे दोन संच आणि तीन घरांची दुरुस्ती.

पण खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. ब्रिजच्या फिरत्या पाण्यातून रोज दहा-बारा टक्के पाणी कमी होतं: ओल्या स्लॅबसोबत जातं, जमिनीवर सांडतं, फवाऱ्यातून उडतं, गाळात अडकतं. ३,५०० लिटरवर हे ४०० लिटर धरा. मेच्या उन्हात उघड्या हौदाचं पाणी दिवसाला सेंटीमीटरभर आटतं, ते वेगळं. म्हणजे हौदात रोज साडेचारशेच्या आसपास लिटर नवं पाणी टाकावंच लागत होतं. ते टँकरचंच. स्वच्छ पाणी सरळ गढूळ हौदात ओतलं जात होतं आणि गढूळ झाल्यावर पॉलिशला जात होतं.

क्रम उलटा करायचा होता. टँकरचं पाणी आधी पॉलिशला द्यायचं आणि पॉलिशवरून खाली आलेलं पाणी गटाराऐवजी हौदात सोडायचं. पॉलिशचे ४५० आणि तयार माल शेवटी धुण्याचे १०० मिळून ५५० लिटर खाली येतात, वाटेत थोडे सांडतात, आणि हौदाची रोजची तूट जवळपास तेवढीच. नवं पाणी पूर्वीइतकंच लागतं, फक्त ते दोनदा वापरलं जातं.

काय बदललं

टी-जोड काढला. पॉलिशसाठी ५०० लिटरची वेगळी टाकी उंचावर ठेवली, झाकणासकट. पॉलिशची लाइन अर्ध्या इंची, ब्रिजची पाऊण इंची ठेवली, म्हणजे घाईत कोणी नळी जोडायला गेलं तरी ती बसत नाही. पाटी लावून जे साधत नाही ते कपलिंगच्या मापाने साधतं.

हौद तीन कप्प्यांचा बांधला. प्रत्येक कप्पा २ मीटर लांब, १ मीटर रुंद, पाण्याची खोली ७५ सेंमी. एकूण ४,५०० लिटर. मधल्या भिंती बाहेरच्या भिंतींपेक्षा ४ इंच खाली आणि वरून पाणसळीत, म्हणजे पाणी भिंतीच्या पूर्ण रुंदीवरून पातळ थराने पुढे जातं. भिंतीला भोक पाडून पाईप टाकला तर पाणी झोतासारखं जातं आणि गाळ उठतो. ही चूक बऱ्याच ठिकाणी दिसते. मोटर तिसऱ्या कप्प्यात, तळापासून ३० सेंमी वर टांगलेली. क्षेत्रफळ आता ६ चौरस मीटर, म्हणजे २,१०० लिटरचा प्रवाह तासाला ३५ सेंमीवर आला. कागदावर १० मायक्रॉनपर्यंतचे कण बसायला हवेत. प्रत्येक भिंतीवरून पडताना पाणी थोडं ढवळतं, म्हणून प्रत्यक्षात १५ धरावेत. कापणीला हे पाणी उत्तम. पॉलिशला अजूनही नाही.

हौदावर पत्रा टाकला. सहा चौरस मीटरवर सेंटीमीटरभर म्हणजे रोजचे ६० लिटर, ते बहुतेक वाचतात आणि शेवाळही कमी धरतं.

बारीक साय बसवायला तुरटी. अंदाजे मूठभर टाकू नये. १० ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवायची. हौदाच्या पाण्याच्या पाच बाटल्या, एकेक लिटरच्या. त्यात हे द्रावण ५, १०, १५, २० आणि ३० मिलि घालायचं, मिनिटभर जोरात हलवायचं, दहा मिनिटं सावकाश, मग ठेवून द्यायचं. अर्ध्या तासात जी सगळ्यांत कमी मात्रेची बाटली नितळ होते ती मात्रा घ्यायची. इथे १५ मिलि बसली, म्हणजे लिटरला १५० मिलिग्रॅम. दुसऱ्या-तिसऱ्या कप्प्याच्या ३,००० लिटरला ४५० ग्रॅम. काम बंद झाल्यावर विरघळवून टाकायची आणि सकाळपर्यंत मोटर लावायची नाही. जास्त तुरटीने पाणी आम्लधर्मी होऊन मशीनचं लोखंड खातं. कापणीच्या पाण्याला रोज तुरटी लागतही नाही, बाटली गढूळ दिसली की तेवढ्यापुरती.

पहिल्या कप्प्यात गाळ दिवसाला ६ ते ७ मिमी चढतो. २५ सेंमी झाला की उपसायचा, म्हणजे साधारण दीड महिन्याच्या आत. सोमवारी काठी घालून माप वहीत लिहायचं. गाळ ओलाच पोत्यात भरून बाहेर काढायचा. शेडमध्ये वाळू दिला तर तीच पूड पंख्याच्या वाऱ्याने पॉलिशच्या टेबलावर येते, आणि छातीतही जाते. गटारात सोडला तर तो पुढे कुठेतरी दगडासारखा बसतो.

पॅड धुण्याची बादली एकच होती, त्याकडेही लक्ष गेलं. ५० आणि ३००० एकाच बादलीत बुडवले की हौद सुधारूनही काही उपयोग नाही. आता ४०० पर्यंतची एक बादली, ८०० च्या पुढची दुसरी, आणि पॅड भिंतीवर नंबरवार खुंटीला.

डबल पट्टीच्या सांध्यांवरही गढूळ पाण्याचा परिणाम निघाला. ते पाणी वाळून दगडावर पुडीची पातळ साय राहते आणि इपॉक्सी दगडाऐवजी सायीला धरतं. चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचे, मगच काळा रंग मिसळलेलं इपॉक्सी. आणि मे महिन्यात ते थोडं थोडं कालवायचं, उष्णता दहा अंशांनी वाढली की हाताशी मिळणारा वेळ जवळपास निम्मा होतो.

तीन घरांची दुरुस्ती

कडा ११, १४ आणि १६ रनिंग फूट. प्रश्न असा की कोणत्या नंबरपासून सुरू करायचं. ३००० आणि बफ मारून काम उरकायचा मोह होतो. चमक वाढते, वर्तुळं राहतात. ओरखडा २० ते २५ मायक्रॉनच्या कणाचा, म्हणजे तो काढायला ४०० लागतं. टॉर्चखाली वर्तुळं पूर्ण जाईपर्यंत ४००, मग ८००, १५००, ३०००, बफ. प्रत्येक नंबरच्या आधी कड पुसून वाळवून बघायची, ओल्या कडेवर निर्णय घ्यायचा नाही. फुटाला ८ ते १० मिनिटं लागली.

चालू स्वयंपाकघरात हे करताना कपाटांना प्लास्टिक, खाली जुनी चादर, पाणी बादलीतून बारीक नळीने, आणि वीज ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीमधूनच (गळती झाली की वीज तोडणारा स्विच). ओल्या हाताने चालवायचं मशीन आहे, इथे तडजोड नको.

जुळे सोलापूर आणि विजापूर रोडचे ओटे व्यवस्थित झाले. होटगी रोडच्या ओट्याची कड चकचकीत झाली, पण रंग वरच्यापेक्षा फिकाच राहिला. टॉर्चखाली एकही वर्तुळ नव्हतं. मग पांढऱ्या कापडावर थिनर घेऊन ओटा मागच्या कोपऱ्यात घासला, तर कापड काळं झालं. दगड मुळात गडद राखाडी, वरून रंग देऊन काळा केलेला. कापल्यावर कडेला त्याचा खरा रंग उघडा पडला. असा दगड पॉलिशने काळा होत नाही. कडेला रंग गडद करणारा सीलर दोन हात लावला, फरक बराच मिटला, पूर्ण नाही. वरचा रंगही साबण, लिंबू आणि उन्हाने काही वर्षांत उतरेल, हे ग्राहकाला तिथेच सांगून पैसे कमी केले. थिनरचं कापड गोदामात स्लॅब उतरवून घेण्याआधी फिरवायचं असतं. अर्धा मिनिट लागतो.

म्हणजे तीन सारख्या तक्रारींत दोन कारणं होती. पहिल्या दोन घरांवरून तिसऱ्याचं निदान गृहीत धरलं असतं तर तिथे दिवसभर ४०० घासत बसावं लागलं असतं.

कोरड्या कापणीचं काय

पाणी तुटलेल्या दिवसांत सिंकची भोकं कोरडीच कापली जात होती, शेडमध्येही आणि घरी फिटिंगलाही. ही सवय पाण्याच्या हिशेबात येत नाही, म्हणून फुकट वाटते. ब्लेड तापून धार बोथट होते, कडेचे टवके उडतात, पूड पॉलिशच्या टेबलावर बसते. पण हे सगळं किरकोळ. न दिसणारी सिलिकाची, म्हणजे दगडातल्या क्वार्ट्झची धूळ फुप्फुसात कायमची बसते. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ती कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत, सिलिकोसिस (या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग) होता. कृत्रिम क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये तर सिलिका ९० टक्क्यांपर्यंत आणि वरही असते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदीच घातली. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीला अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ हा किमान, आणि तोही पाण्याच्या जोडीला, पाण्याऐवजी नव्हे. गढूळ पाण्याच्या फवाऱ्यातही हीच पूड असते, म्हणून ब्रिजच्या ब्लेडला समोरून रबरी पडदा हवा.

आता सिंक आणि शेगडीचं कटिंग शेडमध्येच, ओलं होतं. आधी चारही कोपऱ्यांत कोर बिटने (नळीसारख्या पोकळ बिटने) भोक, मग सरळ रेषा, म्हणजे आतले कोपरे गोल राहतात आणि तिथून तडा जात नाही. त्यासाठी सिंक आणि शेगडी ग्राहकाने माप घेण्याआधी विकत घेतलेली हवी. घरी फक्त नळाचं ३५ मिमीचं भोक पाडतात. खुणेभोवती मळलेल्या कणकेचं किंवा पुट्टीचं कडं करून त्यात पाणी भरायचं, बिट आधी तिरकं धरून खाच पाडायची, मग सरळ करायचं. खालून फळी दाबून धरायची, नाहीतर शेवटच्या दोन मिमीला खालचा पापुद्रा उडतो. सगळं मिळून अर्धा लिटर पाणी लागतं.